चूल, उंबरा आणि सहा चाकं

परगावाहून आलेल्या माणसाला आप्पा एकच प्रश्न विचारत. "जेवलाव कुठं?" माणूस काशीहून आलेला असो की उदगीरहून. त्यानं काय पाहिलं, कुणाला भेटला, काम झालं की नाही, हे त्यांना नको असे. कुणाच्या हातचं जेवला आणि कुठलं पाणी प्याला एवढं कळलं की त्यांच्यापुरता तो प्रवास सांगून झालेला असे. शिदोरी बांधून नेली होती असं कुणी म्हटलं तर म्हणत, "म्हंजे घरातून निगालावच न्हाई की." आणि हॉटेलात जेवलो म्हटलं तर त्या माणसाकडे काळजीनं बघत. "लई लांब जाऊन आलाव."

असा माणूस वयाच्या साठीला जर्मनीला निघाला होता. ट्रक घेऊन.

लातुरात अजून एक बोलायची रीत आहे. एखाद्यानं मोठा बेत सांगितला आणि तो तडीस जाणार नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असलं की तो म्हणतो, "झाली आप्पाची जर्मनी." परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या तरुणानं ते आपल्या मित्राला म्हटलं. मी विचारलं, "आप्पा कोण, माहीत आहे का?" तो म्हणाला, "न्हाई बा. असंच म्हणतेत." माझी सत्तरी उलटून बरीच वर्षं झाली. खरी हकिगत माहीत असलेलं लातुरात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि ही म्हण मी इतकी वर्षं खाली मान घालून ऐकत आलो आहे. कधीकधी हसलोही आहे.

मी त्यांचा भाडेकरू होतो. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या भरत होत्या. टेबलं आधी आली, खुर्च्या मागून आल्या. माणसं कमी पडली म्हणून आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आमच्यासारखे कारकून उसने आणले होते. मी नांदेडचा. गंजगोलाईच्या मागच्या बाजूला आप्पांचं घर, घराच्या पुढं डाळीचं दुकान आणि मागं आम्हाला दिलेल्या दोन खोल्या. आप्पा लिंगायत, शिवभक्त. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धोतरावर खाकी कोट. कोटाच्या खिशात पितळेचा एक पेला असे. बाहेर कुठं पाण्याची पाळी आलीच तर निदान पेला घरचा. मला त्यांनी नावानं कधीच हाक मारली नाही. "ओ नांदेडवाले" एवढंच.

भाडं ठरवायला गेलो तेव्हा त्यांनी आकड्याच्या आधी व्याख्या सांगितली होती. "घर म्हंजे काय, सांगा?" मी म्हटलं, भिंती, छप्पर. "त्ये गोदामाला बी असतंय. घर म्हंजे चूल आन् उंबरा. या दोन गोष्टी नीट ठिवायच्या. बाकी काय बी करा."

मला ते तेव्हा म्हाताऱ्या घरमालकाचं बोलणं वाटलं. पुढं याच व्याख्येवर त्यांनी एक अख्खा ट्रक बांधला.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिकायला जर्मनीला गेला आणि तिथंच त्यानं लग्न केलं. त्या दिवसाची हकिगत मला आप्पांच्या बायकोनं सांगितली. तिला सगळे अव्वा म्हणत. मुलगा बातमी सांगायला स्वतः आला होता. आप्पा पूजेवरून उठलेले. हातात लिंग होतं. ते तसंच धरून म्हणाले, "तुज्या घरात पानी सुदिक पिणार न्हाई." मुलगाही त्यांचाच. तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही माझ्या दारात याल त्या दिवसानंतरच मी या दारात येईन." आणि निघून गेला. अव्वा सांगत होती, "दोगं बी खोटं बोलत न्हाईत हो. त्याचंच भ्याव वाटतंय मला."

सहा वर्षं गेली. मग नात झाल्याची खबर आली. आप्पा दोन दिवस दुकानात बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात माझ्याकडे आले. मी दाढी करत होतो.

"नांदेडवाले, मी काय म्हणलो होतो त्याला? त्याच्या घरात पानी पिणार न्हाई. बरोबर?"

"बरोबर."

"माज्या घरात त्याच्या बायकूला जेवू घालणार न्हाई, असं म्हणलो का?"

"नाही."

"त्यो काय म्हणला? माज्या दारात या. दारात म्हणला. घरात न्हाई."

"मग?"

"मंग काय. माजं घर त्याच्या दारात न्यायचं."

मी हसलो, वस्तऱ्यानं गाल कापला. ते हसत नव्हते. लिंग हातात धरून बोललेला शब्द मोडायचा नव्हता आणि नातही बघायची होती. या दोहोंच्या मधून एक वाट त्यांना दिसली होती आणि ती बोटीवरून जात होती.

आम्ही मुंबईला गेलो. मी सोबत, कारण कागद इंग्रजीत असणार. बंदराजवळ बोटीनं माल पाठवणारा एक एजंट होता. सज्जन माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीचा सल्ला दिला.

"आप्पा, इथून ट्रक न्यायचा खटाटोप कशाला? तिकडे घरासारख्या गाड्या तयार मिळतात. आत पलंग, चूल, संडाससुद्धा. जुनी घ्या, दोन महिने फिरा आणि येताना विकून टाका. बोटीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल."

"आदी कोण ऱ्हात होतं त्यात?"

"असेल कुणीतरी."

"काय शिजवत होतं?"

एजंट माझ्याकडे बघू लागला.

"आन् संडास चुलीजवळ?" आप्पांनी विचारलं. मग हळू आवाजात, जणू एजंटलाच वाईट वाटू नये म्हणून, "आन् तुमी म्हंता येताना घर इकून या. घर इकून मानूस काशीला बी जात न्हाई, साहेब."

विमानाचंही त्यांना पटलं नाही. घर एका वाटेनं आणि माणूस दुसऱ्या वाटेनं, असं कसं? शेवटी एजंटनं सांगितलं की काही मालाच्या बोटींवर चार-दोन उतारूंची सोय असते. गाडी पोटात जाईल, तुम्ही वरच्या खोलीत. आप्पांनी बराच विचार केला. "दिसातून एकदा खाली जाऊन दिवा लावू देतील का?" एजंट म्हणाला, कप्तानाला विचारतो. मला वाटतं त्यानं खरंच विचारलं असावं. पुढं त्याच्याकडून होकार आला होता.

गाडी परदेशात विकणार नाही, परत आणीन, अशी हमी देणारा एक कागदही करावा लागे. तो करून देणाऱ्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, जाण्याचं कारण? आप्पा म्हणाले, "सुनंला जेवायला बोलवायचंय." बाईंनी पेन थांबवलं, त्यांच्या कपाळावरच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि लिहिलं, पर्यटन.

ट्रक धर्माबादेहून आला. तिथल्या मिरचीच्या व्यापाऱ्याचा तो जुना ट्रक, दणकट आणि पिवळा. पण वर्षानुवर्षं त्यानं मिरचीच वाहिली होती. तो गल्लीत शिरला की पोरं शिंकायची. आप्पांनी तो तीन वेळा धुतला, शेणानं सारवला, चुना मारला. तरी आत गेलं की पहिली शिंक यायचीच. अव्वा पदर नाकाला लावून म्हणाली, "सर्कशीत जायचं वय हाय का तुमचं? आन् सून शिंकून मेली म्हंजे?"

"शिंकली तर बरंच हाय. दीर्घायुष्य म्हणायला निमित्त मिळंल."

"तिला मराटी येतंय व्हय?"

"शिंकेला कुठं भाषा असती?"

मागं सुतारानं खोली बांधली. दोन पलंग, देवाचा कोनाडा, सिमेंटच्या ओट्यावर चूल. आणि मागच्या दाराला सागवानी उंबरा, चांगला चार बोटं उंच. सुतार म्हणाला, आप्पा, चढता-उतरता ठेच लागंल. आप्पा म्हणाले, "लागू द्या. ठेच लागली की कळतंय, घरात आलाव म्हणून." मलाही ती ठेच पुष्कळदा लागली आहे.

ट्रकची वास्तुशांत झाली. पूजेला जंगम आले होते, वृद्ध, डोळ्यांनी अधू. त्यांनी विचारलं, "दार कुठल्या दिशेला?"

"आत्ता उगवतीला हाय," आप्पा म्हणाले.

"आत्ता म्हंजे?"

"गाडी वळली की बदलंल."

जंगमांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "तुमी चालवणार का?" आप्पा म्हणाले, हाव. "मंग तुमचं तोंड जिकडं, तिकडं उगवत." आणि पूजा पुढं चालू झाली. त्यांचं ते वाक्य मला पुष्कळ वर्षं आठवत राहिलं. तेव्हा मात्र आम्ही सगळे शिंकत होतो.

पाण्याचा प्रश्न आप्पांनी सगळ्यांत आधी सोडवला होता आणि तिथंच सगळी गोष्ट फिरली. मुलाच्या घरचं पाणी प्यायचं नव्हतं. तिथल्या नळाचं पाणी मुलाच्याच गावचं, म्हणजे ते मुलाच्या घरचं की नाही, यावर त्यांनी बरेच दिवस विचार केला आणि शंका नको म्हणून पाणी लातूरचंच न्यायचं ठरवलं. दोन महिन्यांचं. दोन माणसांचं, शिवाय सुनेच्या पाहुणचाराचं. पलंगांखाली, ओट्याखाली, खोलीच्या दोन्ही अंगांना लोखंडी टाक्या बसवल्या. घरातल्या विहिरीचं पाणी त्यात भरून बघितलं तेव्हा ट्रक म्हशीसारखा खाली बसला. मी म्हटलं, "आप्पा, हा तर टँकर झाला." ते म्हणाले, "घरातला रांजण थोडा मोटा हाय, म्हणा."

त्या साली पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या सालीही नव्हता.

जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात हे त्यांना एजंटनं सांगितलं होतं. ड्रायव्हिंग ते याच वर्षी शिकले होते. आता ते उलटं शिकायचं होतं. रेणापूरच्या पलीकडे एका गावचं तळं पार आटलं होतं. तळाची माती भेगाळून टणक झालेली, मैदानच. त्यात आप्पांनी चुन्याच्या रेघा मारून जर्मनीचा रस्ता आखला. मी बाजूला बसायचो, कारण उजव्या बाजूनं चालवताना समोरचं डावीकडून येतं की उजवीकडून हे कुणीतरी ओरडून सांगावं लागे. समोरून फक्त शेळ्या येत. आप्पा प्रत्येक शेळीला वाट देत. "तितं शिस्त लई हाय म्हणतेत."

नकाशाही होता. दुकानात पोत्यावर तो पसरलेला असे. मुक्कामाच्या जागी तुरीचा दाणा, इंजिनचं पाणी बघायच्या जागी मुगाचा. मुलाच्या गावावर एकच हरभरा. तिथून पुढं सगळ्यांना घेऊन बर्फाचे डोंगर बघायला जायचं होतं, सून पुढं बसणार, अव्वा मागं भाकरी करणार. एका रात्रीत उंदरांनी ऑस्ट्रियातले सगळे मुक्काम खाल्ले. आप्पांनी शांतपणे पुन्हा दाणे मांडले. "उंदराला बी तिकडचंच गोड लागतंय."

एके सकाळी तळ्यात सराव करत असताना काठावरून बायका पळत आल्या. घागरी, हंडे, रिकामे डबे. ट्रकच्या टाक्यांतून पाणी हिंदकळल्याचा आवाज त्यांना गावातून ऐकू आला होता का, की नुसता मोठा ट्रक बघून त्यांना वाटलं, कुणास ठाऊक. आप्पांनी ट्रक थांबवला.

"टँकर आलाय म्हनं," पुढची बाई धापा टाकत म्हणाली.

"टँकर न्हाई माय. ह्ये घर हाय."

"घरात पानी हाय का?"

आप्पा माझ्याकडे बघू लागले. मग ते खाली उतरले, टाकीची तोटी सोडली आणि खिशातला पेला काढून पहिलं पाणी त्या बाईला दिलं. टाक्या रिकाम्या होईपर्यंत ते तोटीजवळ उभे होते. परत येताना म्हणाले, "घरात पानी हाय का म्हणली. हाय म्हणल्यावर न्हाई कसं म्हणायचं?" पुढच्या खेपेला त्यांनी टाक्या भरूनच आणल्या. सराव कमी झाला, पाणीवाटप वाढलं. हे सगळं ते आपल्या मर्जीनं करत होते आणि बोटीची तारीखही जवळ येत होती. तोवर काहीच बिघडलं नव्हतं.

बिघडवलं मी.

मी ज्या कचेरीत होतो तिथं टंचाईचं काम होतं. टँकर कमी आणि गावं जास्त. टंचाईत सरकारला खाजगी गाडी काही काळ ताब्यात घेता येते. त्याला अधिग्रहण म्हणत. एकदा आदेश निघाला की तो रद्द होईपर्यंत गाडी जिल्ह्याबाहेर जात नाही. एका बैठकीत साहेबांनी विचारलं, आणखी एक गाडी कुठून मिळेल? मी हात वर केला.

आप्पांना मी सांगितलं, आठ दिवसांचा प्रश्न आहे. ते ओसरीवर बसले होते. अव्वा आत कडक भाकरी भाजत होती. आमच्याकडच्या या भाकरी महिना महिना टिकतात. बोटीवरच्या प्रवासासाठी तिनं उतरंड लावली होती.

"आठ दिस म्हंजे आठ?"

"आठच. मग मी स्वतः आदेश मागे घेण्याचा कागद साहेबांपुढं ठेवतो."

"तुमी म्हंता म्हंजे झालं. तुमी उंबऱ्याच्या आतले."

जास्त पाणी बसावं म्हणून खोलीत आणखी एक टाकी टाकायची होती. त्यासाठी चुलीचा ओटा काढावा लागणार होता. तो आप्पांनी स्वतः फोडला. कचेरीचा माणूस हातोडा घेऊन आला होता, त्याला त्यांनी बाजूला बसवलं. ड्रायव्हरही त्यांनी दुसरा घेऊ दिला नाही. आपलं घर आपणच चालवायचं.

आठ दिवस झाल्यावर ते कचेरीत आले. टेबलापुढं उभे राहिले, बसले नाहीत. "नांदेडवाले, आठ झाले." मी म्हटलं, अजून चार. चार दिवसांनी आले. मी म्हटलं, दोन. त्यानंतर ते आले नाहीत.

मी गावांसाठी तसं केलं असं आजवर सांगत आलो. गावांच्या विहिरी कोरड्या होत्या, हे खरं आहे. पण मधल्या दिवसांत जिल्ह्यात आणखी एक टँकर आला होता. तो मी आप्पांच्या गावांना लावून त्यांचा ट्रक सोडवू शकलो असतो. साहेबांना एवढंच विचारायचं होतं. त्याच आठवड्यात साहेब मला म्हणाले होते, "तो पिवळा ट्रक तू मिळवलास ना? शाबास. तुझं इथंच पक्कं करायला लिहितो." नाहीतर माझी बदली हिमायतनगरला ठरलेली होती, नांदेड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि माझ्या बायकोला नुकतीच लातूरच्या शाळेत नोकरी लागली होती. मी कागद घेऊन साहेबांच्या दारापर्यंत गेलो. आतून कुणाशी तरी हसून बोलल्याचा आवाज येत होता. मूड चांगला होता. तो आपल्या हातानं बिघडवावा असं वाटलं नाही. मी परत येऊन बसलो. नवा टँकर दुसऱ्या गावाला गेला.

ज्या दिवशी बोट सुटायची होती त्या दिवशी मी मुद्दाम आप्पांबरोबर खेपेला गेलो. घरी थांबायची हिंमत नव्हती. ते नेहमीसारखे चालवत होते, डाव्या बाजूनं. रेणापूर मागं पडल्यावर म्हणाले, "आत्ता सुटली आसंल."

मी म्हटलं, "आप्पा, किल्ली तुमच्याकडे होती. तुम्ही सरळ मुंबईला निघून गेला असता तर कुणी अडवलं नसतं."

"चोरून न्हेलेल्या घरात सुनंला जेवू घालायचं व्हय?"

गाव आलं. बायकांची रांग लागली होती. आप्पा खाली उतरले आणि तोटी सोडली. एक म्हातारी घागर भरून घेता घेता म्हणाली, "देव तुमचं भलं करो." ते म्हणाले, "पुडं सरका, माय."

पाऊस पडला तेव्हा ट्रक सुटला. टाक्या गंजल्या होत्या, लाकूड फुगलं होतं, हमीच्या कागदाची मुदत संपली होती. पुढच्या साली जाऊ, असं ते म्हणत राहिले. पुढच्या साली त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. अव्वानं भाकरीची उतरंड हळूहळू गल्लीत वाटून टाकली. माझी ऑर्डर लातूरची पक्की झाली.

लोकांना मधलं काही माहीत नव्हतं; पाणी आप्पा मर्जीनंच वाटतात असा सगळ्यांचा समज. त्यांना एवढंच दिसलं की आप्पांनी वर्षभर जर्मनी जर्मनी केलं आणि ट्रक अंगणात उभा आहे. म्हण तेव्हाच निघाली. आप्पांच्या तोंडावर लोक म्हणत आणि आप्पाही हसत. मी ओसरीवर असलो तर माझ्याकडे न बघता हसत. ट्रक कुणी अडवला हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. अव्वालासुद्धा नाही, हे मला तिच्या माझ्याशी वागण्यावरून कळे. सणाला ती माझ्या मुलांना पहिली पुरणपोळी देत असे. भाडेकरूची चूक म्हणजे घरातली चूक, ती रस्त्यावर न्यायची नाही, असं काहीसं त्यांचं असावं. मला ते विचारता आलं नाही.

आप्पा गेले तेव्हा मुलगा आला. त्याच्या शब्दाप्रमाणं त्यानं यायला नको होतं. पण बापच नसल्यावर शब्द कुणाशी ठेवायचा? लिंगायतांच्या रीतीप्रमाणं माती झाली. संध्याकाळी तो ओसरीवर माझ्याशेजारी बसला. तेव्हा तोही पन्नाशीच्या जवळ आला होता. म्हणाला, "त्यांना यायचंच नव्हतं, नाही का? नुसतं म्हणत राहिले."

एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "वय झालं होतं त्यांचं."

तो मान हलवून उठला. चार दिवसांनी अव्वाला घेऊन गेला. ती तिकडेच वारली.

लग्नातून परत आलो त्या आठवड्यात मी आप्पांच्या पुतण्याकडून मुलाचा नंबर घेतला. त्याला फोन लावायच्या आधी दोन दिवस फोनकडे बघत होतो. त्यानं आवाज ओळखला नाही. आप्पांचा भाडेकरू म्हटल्यावर ओळखलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा वयाचं काहीतरी बोललो असतो. टाक्या, तळं, बायका, आठ दिवस, नवा टँकर, साहेबांचं दार, सगळं सांगून टाकलं. बोट सुटली तो दिवसही.

मग त्यानं विचारलं, "म्हणजे ट्रक तयार होता? खरोखर?"

"तयार होता. उंबऱ्यासकट."

तो जर्मन भाषेत कुणाशी तरी बोलू लागला. बाईचा आवाज आला, म्हातारा, घाईचा. तीच त्याची बायको असणार. दोघांचं बराच वेळ चाललं होतं. मधेच ती रडते आहे की भांडते आहे, मला कळेना. मग तो पुन्हा फोनवर आला.

"आप्पा येणार असं अव्वाचं पत्र आल्यावर हिनं दारासमोरचं कुंपण काढून टाकलं होतं," तो म्हणाला. "ट्रक उभा राहायला जागा हवी म्हणून. मागं एक सफरचंदाचं झाड होतं, ते तोडायला निघाली होती. मी म्हणालो, राहू दे, ते काही येत नाहीत. तिचं म्हणणं, येतील. पण आपली जागा पुरणार नाही. आमचं त्यावरून फार भांडण झालं होतं." मागून पुन्हा तिचा आवाज आला. "ती विचारते आहे, ट्रक केवढा लांब होता?"

ते मला पाठ होतं. अधिग्रहणाच्या आधी माप घेताना टेपचं एक टोक आप्पांनी धरलं होतं आणि दुसरं मी.

"बावीस फूट," मी म्हणालो.

त्यानं ते तिला सांगितलं. मीटरमध्ये करून सांगितलं असावं, कारण थोडा वेळ लागला. ती काहीतरी म्हणाली, अगदी हळू. मी वाट बघत होतो.

"ती म्हणते," तो म्हणाला, "झाड न तोडता बसला असता."